शाळेची रोबोटिक्स टीम टूर्नामेंटला न्यायचीय? सप्टेंबरपासून मॅचच्या दिवसापर्यंत काय काय करायचं

मी भोसरीत टूलरूममध्ये कामाला आहे आणि गेले चार सीझन एका शाळेच्या एफटीसी (शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) टीमला मेंटर म्हणून मदत करतोय. दरवर्षी ऑगस्ट आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की आमच्या शाळेत पण टीम काढायचीय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तासभर तेच सांगतो, म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून काढतोय. आणि एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जो रोबोट पहिल्या मॅचपासून शेवटच्या मॅचपर्यंत बंद न पडता चालतो आणि ज्याच्या ड्रायव्हरचा हात भरपूर बसलेला असतो, तोच वर जातो. बाकी कितीही भारी मेकॅनिझम लावा, तो तिसऱ्या मॅचला अडकला की संपलं.

आधी खेळ समजून घ्या

एफटीसी म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज. फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू केली, आता भारतातल्या पण बऱ्याच टीम खेळतात. १२ ते १८ वयाची मुलं, एका टीममध्ये जास्तीत जास्त १५. मैदान १२ फूट बाय १२ फूट, खाली फोमच्या ३६ टाइल्स. एका मॅचला चार रोबोट असतात, दोन लाल अलायन्सचे (म्हणजे जोडीचे) आणि दोन निळ्या. पहिली ३० सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, कुणी कंट्रोलरला हात लावायचा नाही, मग पुढची २ मिनिटं ड्रायव्हर चालवतात. मॅच सुरू होताना रोबोट १८ इंचाच्या, म्हणजे ४५.७ सेंटिमीटरच्या घनात बसला पाहिजे.

गेम दरवर्षी बदलतो. २०२२-२३ च्या पॉवरप्लेमध्ये खांबांवर कोन चढवायचे होते, २०२३-२४ च्या सेंटरस्टेजमध्ये षटकोनी तुकडे तिरक्या फळीवर लावायचे होते, २०२५-२६ च्या डीकोडमध्ये जांभळे आणि हिरवे चेंडू गोलमध्ये फेकायचे. त्यामुळे मागच्या वर्षीचा हात किंवा शूटर फारसा कामाला येत नाही, पण चाकांचा बेस, वायरिंगची शिस्त आणि कोडचा सांगाडा दरवर्षी कामाला येतो. म्हणून पहिल्या वर्षी खर्च करताना बेसवर करा. कंट्रोल हब (रोबोटवरचा कॉम्प्युटर), ड्रायव्हर हब (ड्रायव्हरच्या हातातला), मोटर, मेकॅनम चाकं (कडेला तिरके रोलर असलेली), बॅटऱ्या हे सगळं मिळून बाहेरून मागवलं की कस्टम ड्यूटीसकट लाखाच्या वर सहज जातं, पण ते तीनचार वर्षं टिकतं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर थ्रीडी प्रिंटर आणि हत्यारं तिथलीच वापरा, बऱ्याच शाळांत तो प्रिंटर कपड्याखाली झाकून ठेवलेला असतो, सरांना भेटून रीतसर वेळ मागून घ्या.

ऑर्डर मात्र लवकर टाका. पार्ट कस्टमला अडकला की दोनतीन आठवडे गेले समजा. वायर, हीटश्रिंक, क्रिंप, टर्मिनल असलं बारीकसारीक इकडे पुण्यात तापकीर गल्लीत मिळतं, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, पण मोटर आणि हब नियमातल्या यादीतलेच लागतात. तिथे गल्लीतली स्वस्त मोटर चालत नाही, इन्स्पेक्शनला रोबोट बाहेर काढतात.

पहिला आठवडा कुणी स्क्रूला हात लावायचा नाही

गेम सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होतो, आपल्याकडे तेव्हा बहुतेक गणपतीची गडबड असते. आमच्याकडे नियम आहे, पहिला आठवडा फक्त मॅन्युअल. मुलांमध्ये प्रकरणं वाटून द्या, प्रत्येकाने आपलं प्रकरण बाकीच्यांना समजावून सांगायचं, आणि पॉइंटचा तक्ता मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावायचा. सीझनभर नियमांचे अपडेट येत राहतात, त्यासाठी एकाच मुलाची नेमणूक करा. दर आठवड्याला बघायचं आणि ग्रुपवर टाकायचं, एवढंच त्याचं काम.

मग जमिनीवर खडूने मैदान आखा आणि एका मुलाला रोबोट बनवा. खरंच. तो हातात चेंडू घेऊन चालतो, दुसरा स्टॉपवॉच लावतो. उचलणं, नेणं, टाकणं, परत येणं या एका फेरीला १२ सेकंद लागली तर २ मिनिटांत १० फेऱ्या, १५ लागली तर ८. शेवटची १५-२० सेकंद पार्किंग नाहीतर लटकण्यासाठी ठेवली तर आणखी एकदोन कमी. हा हिशोब मुलांनी स्वतः केला की त्यांचं त्यांनाच कळतं की अवघड कामाच्या ज्यादा पॉइंटमागे धावायचं की सोपं काम पटापट करायचं. नवीन टीमने एकच काम निवडावं आणि ते न चुकता करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधणी

बेस मेकॅनम चाकांचा घ्या, आडवं सरकता येतं. चार चाकं लावताना वरून बघायचं, रोलरच्या तिरक्या रेषा मिळून फुली दिसली पाहिजे. उलटी लावली तर रोबोट आडवा सरकायला गेला की भलतंच काहीतरी करतो आणि मुलं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात. एकूण मोटर ८ च्या वर लावता येत नाहीत, त्यातल्या ४ चाकांना गेल्या, उरलेल्या ४ मध्ये उचलणं, वर नेणं, फेकणं सगळं बसवायचंय, म्हणजे आधीच कागदावर वाटप करून ठेवा.

१८ इंचाचा डब्बा स्वतः बनवा, प्लायचा, आतून मोजून ४५.७ सेंटिमीटर. आणि रोबोट डिझाइन करताना १७.५ इंच धरा, कारण ड्रॉइंगमध्ये स्क्रूचं डोकं, वायरचा फुगवटा, केबल टायचं टोक हे काहीच दिसत नाही आणि इन्स्पेक्शनला तेच डब्याला घासतं.

आता नटबोल्ट, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे म्हणून जरा थांबून सांगतो. जिथे हादरे बसतात तिथे साधा नट लावूच नका, नायलॉक लावा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा नट. धातूत धातू असेल तर निळं लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) चालतं, पण पॉलीकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) शीटजवळ लॉकटाइट अजिबात नेऊ नका, ते शीटला लागलं की काही दिवसांत भोकाभोवती बारीक तडे जातात आणि ऐन मॅचला तुकडा पडतो. शाफ्टवर चाक धरायला ग्रब स्क्रूच्या (छोट्या बिनडोक्याच्या स्क्रूच्या) हबपेक्षा चारी बाजूंनी आवळणारा क्लॅम्पिंग हब घ्या, ग्रब स्क्रू घसरला की मोटर फिरते आणि चाक नाही फिरत. थ्रीडी प्रिंटचे पार्ट पीएलए या साध्या प्लास्टिकमध्ये काढले तर ते उन्हातल्या गाडीच्या डिकीत वाकडे होतात, जिथे जोर येतो तिथे पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरा. आणि कुठला पार्ट लेझरने कापून घ्यायचा असेल तर मुलांना सोबत घेऊन जा, आमच्या मुलांनी भोसरीत मशीनवर ॲल्युमिनियमची प्लेट कापली जाताना पहिल्यांदा बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ड्रॉइंगमधले कोपरे नीट गोल यायला लागले.

वायरिंग, इथे सगळ्यात जास्त मॅच हरतात

दुसऱ्या सीझनला आमची एक मॅच अशी गेली की अजून डोळ्यासमोर आहे. सुरुवातीची ३० सेकंद छान गेली, ड्रायव्हर चालवायला लागला, बाजूच्या रोबोटचा हलकासा धक्का लागला आणि आमचा रोबोट जागेवर मेला. नववीतली मुलगी चालवत होती, ती दीड मिनिट स्टिक दाबत राहिली, काहीच हललं नाही. मॅच संपल्यावर उचलून बघितलं तर बॅटरीचा कनेक्टर अर्धा बाहेर आलेला, बॅटरी नुसती कप्प्यात ठेवलेली होती, धक्क्याने पुढे सरकली आणि वायर ओढली गेली. ती मुलगी पिटमध्ये (टूर्नामेंटला टीमला मिळालेल्या टेबलापाशी) येऊन रडली नाही, तिने वेल्क्रोचा पट्टा मागितला.

तेव्हापासून आमच्याकडे असं असतं. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधायची, हाताने रोबोट उलटा केला तरी हलता कामा नये. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायर एकमेकींना केबल टायने बांधायच्या, म्हणजे ओढ कनेक्टरवर येत नाही. मोटरच्या कनेक्टरचा खटका वाजेपर्यंत दाबायचा, यूएसबीची केबल हबपासून तीनचार सेंटिमीटरवर बांधून टाकायची. हलत्या हातावरून जाणाऱ्या वायरीला स्पायरल गुंडाळायचं आणि हात पूर्ण वरखाली करून बघायचं की वायर कुठे ताणते किंवा चिमटीत सापडते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव चिकटवा. मेन स्विच बाहेरून सहज हाताला लागेल असा ठेवा.

हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा फोमवर चाकं घासून रोबोटवर स्टॅटिक (स्थिर वीज) साठतं, मग दुसऱ्या रोबोटला किंवा मैदानाच्या धातूला टेकला की ठिणगी पडून कंट्रोल हब डिस्कनेक्ट होतो. हब थेट धातूवर बसवू नका, खाली लाकडाची किंवा प्लास्टिकची प्लेट घाला. नियमात ग्राउंडिंगची पट्टी चालते, ती पण लावा.

बॅटरी १२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, आत २० अँपिअरचा फ्यूज. कमीत कमी चार ठेवा, प्रत्येकीवर नंबर घाला आणि वहीत लिहा कुठली कुठल्या मॅचला गेली. आम्ही १३ व्होल्टच्या खाली असलेली बॅटरी मॅचला नेत नाही. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या.

कोड

ज्यांनी कधीच कोड लिहिला नाही त्यांनी ब्लॉक्सपासून (तुकडे जोडून कोड करायची पद्धत) सुरू करा, मग ऑनबॉट जावा, म्हणजे ब्राउझरमध्ये जावा कोड लिहिणं, आणि टीम मोठी झाली की अँड्रॉइड स्टुडिओ आणि गिटहब. घाई करायची काही गरज नाही, ब्लॉक्सवर पण चांगले रोबोट चालतात.

ऑटोनॉमसमध्ये, म्हणजे पहिल्या ३० सेकंदांत, सगळे मोठी स्वप्नं बघतात. आधी एवढंच करा की रोबोट सुरुवातीच्या जागेवरून हलून पॉइंट मिळतील तिथे जाऊन उभा राहील, दहापैकी दहा वेळा. मग एक वस्तू टाकणं, मग दुसरी. चाकांच्या एन्कोडरवर (फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरवर) विसंबलात तर मेकॅनम घसरतं आणि अंतर चुकतं, म्हणून जमलं तर वेगळी छोटी ओडोमेट्रीची (नुसतं अंतर मोजणारी) चाकं लावा आणि रोबोटचा मार्ग आखणाऱ्या रोड रनर किंवा पेड्रो पाथिंग यातली एक लायब्ररी शिका. दोन्ही एकदम नाही. घरी सरावाला बाजारातल्या इंटरलॉक मॅट वापरल्या तर त्यांचा मऊपणा वेगळा असतो, त्यामुळे टूर्नामेंटच्या सराव मैदानावर आकडे पुन्हा तपासायला लागतात.

चेंडू फेकायचा गेम असेल तर आणखी एक गोष्ट. शूटरच्या मोटरला नुसती पॉवर दिली तर ताज्या बॅटरीवर चेंडू गोलच्या पलीकडे जातो आणि उतरलेल्या बॅटरीवर अलीकडे पडतो. एन्कोडर लावून वेग धरून ठेवा आणि वेग आल्याशिवाय चेंडू पुढे ढकलू नका. आमच्या मुलांनी हे बारा वेगवेगळ्या व्होल्टेजला चेंडू फेकून, जमिनीवर खडूच्या खुणा करून शोधून काढलं, ते मी सांगितलं असतं तर एवढं पक्कं बसलं नसतं.

लाल आणि निळ्या बाजूचे प्रोग्रॅम वेगळे असतात, त्यांची नावं अशी ठेवा की घाईत चूक होणार नाही. आणि ऑटोनॉमस संपल्यावर ड्रायव्हरचा प्रोग्रॅम आपोआप निवडला जाईल अशी सोय कोडमध्ये एका ओळीत करता येते, ती करा. मधे फक्त ८ सेकंद असतात आणि त्यात मुलांचे हात थरथरत असतात.

ड्रायव्हर

मैदानाशी चौघं उभे राहतात, दोन ड्रायव्हर, एक ह्यूमन प्लेयर (गेमच्या वस्तू हाताने देणारा) आणि एक कोच. कोच म्हणजे मुलांमधलाच एक असला तर बरं. मॅच चालू असताना फक्त कोचने बोलायचं, छोटं बोलायचं, "डावीकडे", "सोड", "वीस सेकंद". मागून आईबाबा आणि आम्ही मेंटर लोकांनी ओरडायचं नाही, हे मी पालकांना मीटिंगमध्ये हात जोडून सांगतो.

रोबोट टूर्नामेंटच्या निदान तीन आठवडे आधी चालता झाला पाहिजे, एखादं मेकॅनिझम राहिलं असलं तरी चालेल. ते तीन आठवडे ड्रायव्हरचे. रोज अडीच मिनिटांच्या दहा मॅच, टायमर लावून, प्रत्येक मॅचचा स्कोअर वहीत. पहिल्या दिवशी आमच्या मुलांच्या चार फेऱ्या व्हायच्या, दोन आठवड्यांनी आठ, आणि त्या काळात रोबोटला एक स्क्रूसुद्धा नवीन लावला नव्हता. दहावीची मुलं असतील तर प्रीलिम बघून वेळापत्रक करा आणि ड्रायव्हर शक्यतो आठवी-नववीतला घ्या.

पोर्टफोलिओ आणि जज

हा भाग आपल्याकडच्या टीम शेवटच्या रात्रीवर टाकतात आणि तिथेच मागे पडतात, कारण इन्स्पायर हा सगळ्यात वरचा अवॉर्ड फक्त मॅच जिंकून मिळत नाही. पोर्टफोलिओ, म्हणजे टीमने काम कसं केलं ते जजना सांगणारी पुस्तिका, मुखपृष्ठ सोडून जास्तीत जास्त १५ पानं. त्यात छान छान फोटोंपेक्षा निर्णय दाखवा, पहिला हात असा होता, तो का टाकून दिला, मोजमाप काय आलं, दुसरा कसा केला. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही लागते, तारीख घालून, हाताने काढलेल्या चित्रांसकट.

जजसमोर आधी टीम साधारण ५ मिनिटं स्वतः बोलते आणि मग प्रश्न. आमची शाळा मराठी माध्यमाची, पहिल्या वर्षी मुलांनी इंग्रजी पाठ केलं होतं, एक वाक्य विसरलं आणि सगळं थांबलं, ज्या मुलाने पूर्ण लिफ्ट स्वतः बनवली होती तो मान खाली घालून उभा राहिला. आता आम्ही असं करतो की प्रत्येकाने आपलं काम आधी आजीला मराठीत समजावून सांगायचं. आजीला कळलं, तिने एखादा प्रश्न विचारला, की मग तेच रोबोटवर बोट ठेवून मोडक्या का होईना इंग्रजीत सांगायचं. पाठ काही करायचं नाही. मागच्या वर्षी त्याच मुलाने जजला लिफ्टची दोरी ओढून दाखवली आणि पुली मोठी का केली ते सांगितलं. इंग्रजी सात-आठ वाक्यांचंच होतं, जज खाली वाकून पुली बघत होते.

टूर्नामेंटचा दिवस

आदल्या रात्री कोडला हात लावायचा नाही, चाललेलं शेवटचं व्हर्जन बाजूला ठेवून द्यायचं. विमानाने जाणार असाल तर बॅटऱ्यांबद्दल एअरलाइनला आधीच विचारून लेखी उत्तर सोबत ठेवा. पेटीत ॲलन की २.५ आणि ३ मिमीच्या दोनदोन (एक हरवतेच), जादा मोटर, जादा सर्वो (ठराविक कोनात फिरणारी छोटी मोटर), केबल टाय, मल्टीमीटर, एक्स्टेंशन बोर्ड, सगळ्यांचे सेफ्टी गॉगल, आणि लाल आणि निळ्या अलायन्सच्या रंगाच्या टीम नंबरच्या पाट्या. टीम नंबर दोन विरुद्ध बाजूंनी दिसला पाहिजे. कंट्रोल हबचं नाव टीम नंबरचं असलं पाहिजे आणि वायफायचा कंपनीतून आलेला पासवर्ड बदललेला पाहिजे, हे घरीच करून या. पोळीभाजीचे डबे पण घ्या, मुलं दिवसभर नुसते वेफर्स खातात आणि दुपारच्या मॅचला थकतात.

साधारण पाच-सहा क्वालिफिकेशन मॅच असतात आणि प्रत्येकीत पार्टनर वेगळा. मॅचचं वेळापत्रक हातात आलं की लगेच दोन मुलं पुढच्या पार्टनरच्या पिटमध्ये पाठवा, मैदानाचं चित्र छापलेला कागद आणि पेन देऊन. आमच्या मुलांनी एकदा असाच कागद नेला, त्या टीमने त्यांची ऑटोनॉमसची रेघ काढली, आमच्यांनी आपली काढली आणि दोन्ही रेघा बरोबर मधे कापत होत्या. त्यांची मुलं हिंदीत म्हणाली, आम्ही दोन सेकंद थांबून निघतो. कोडमध्ये एक आकडा बदलला, मॅचमध्ये दोन्ही रोबोट एकमेकांच्या मागून व्यवस्थित गेले. त्यासाठी सुरुवातीलाच कोडमध्ये थांबायची वेळ बटणाने बदलता येईल अशी सोय ठेवा.

आपली मॅच नसेल तेव्हा दोन मुलं स्टँडमध्ये बसून प्रत्येक टीमचं लिहितात, ऑटोनॉमस चाललं का, किती फेऱ्या, मधे बंद पडला का. दुपारी वरच्या टीम पुढच्या मॅचसाठी आपला अलायन्स निवडतात तेव्हा हाच कागद लागतो. वरच्या टीमने तुम्हाला निवडावं असं वाटत असेल तर तुम्ही काय न चुकता करता ते त्यांना आधी जाऊन सांगा, खरं तेवढंच सांगा. आणि बाजूच्या पिटमध्ये कुणाला सर्वो हवा असेल तर द्या, फायनलला तोच समोर असला तरी द्या. फर्स्टमध्ये याला ग्रेशियस प्रोफेशनलिझम (चुरशीतही समोरच्याला मदत करणं) म्हणतात आणि जज पिटमध्ये फिरताना ते बघतात, पण मुलं तसंही देतातच.

मॅचमध्ये काही बिघडलं तर पिटमध्ये आल्यावर आधी ड्रायव्हरला विचारा नेमकं काय दिसलं, मग बॅटरी, मग कनेक्टर, मग मेकॅनिकल, आणि सगळ्यात शेवटी कोड. हा क्रम कागदावर लिहून पिटमध्ये चिकटवा, कारण घाईत पहिला लॅपटॉपच उघडला जातो.

घरी आल्यावर पेटी आठवडाभर तशीच पडू देऊ नका. दुसऱ्या दिवशीच मुलांना बोलवा, बॅटऱ्या रोबोटमधून काढून ठेवा, काय काय तुटलं आणि कशामुळे ते आठवतंय तोवर वहीत लिहून घ्या, आणि दहावीत जाणाऱ्या मुलांकडून त्यांचं काम आठवीतल्यांना त्याच आठवड्यात हाताने करून दाखवायला सांगा. आमच्या वहीचं या वर्षीचं पहिलं पान त्या बॅटरीवाल्या मुलीने लिहिलंय, पट्टा कसा बांधायचा त्याचं चित्र काढून.